लग्नाची यादी होते, म्हातारपणाची का नाही?

परवा आमच्या मुकुंदवाडीत बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा झाला आणि मग नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय. तिनं पर्समधून यादी काढली. बस्ता, मानपान, रुखवत, आचारी, मंडप... कोणत्या मावशीला कोणत्या रंगाची साडी हेसुद्धा लिहिलेलं! मी सहज विचारलं, "तुझ्या सासूबाईंना बीपीची कोणती गोळी चालू आहे गं?" ती थांबली. "ती नाही का... पांढरी, बारीक, सकाळची!"

सगळ्या हसल्या. मग मी प्रत्येकीलाच विचारलं. आम्ही सोळा जणी. त्यातल्या चौदा घरांत साठीच्या पुढचं कुणी ना कुणी आहे. त्यांच्या औषधांची नावं लिहून ठेवलेली घरं निघाली फक्त दोन. त्यातलं एक माझं. पण यासाठी मला कुणी शाबासकी देऊ नका. हे शहाणपण मला ठेच लागून आलंय, आणि ती ठेच मला नाही, माझ्या सासूबाईंना लागली होती.

गोष्ट २०१८ च्या श्रावणातली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या. मूळ बदनापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. सासऱ्यांना चिकलठाण्याच्या कंपनीत काम लागलं म्हणून इकडे आलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात लेकरू झाडाखाली झोळीत टाकून खडी फोडलेली बाई ती. कधी तब्येतीचं विचारलं की म्हणायच्या, "मला काय झालंय माय, चांगली तर हाये!" बीपी होतं, थोडी साखर होती, गुडघे दुखायचे. एवढं तर या वयात सगळ्यांनाच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या श्रावणात आठ-दहा दिवस त्या जरा वेगळ्याच वागत होत्या. दिवसा झोपून राहायच्या. बोलता बोलता मधेच थांबायच्या. एकदा तर मला नणंदेच्या नावानं हाक मारली. मी काय म्हटलं असेल? "वय झालं आता!" बी.ए. झालेली, वस्तीतल्या बायकांना दवाखान्यात घेऊन जाणारी, त्यांना चार गोष्टी समजावून सांगणारी मी. पण घरात मात्र एवढंच म्हणून मोकळी झाले. आणि एका पहाटे आत्याबाई न्हाणीच्या दारात पडल्या. आपल्या शहरात नळ रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. घरोघरी ड्रम, टाक्या, हंडे आणि ओली फरशी. त्या ड्रमला धरायला गेल्या आणि ड्रमनं साथ दिली नाही. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कोणती औषधं चालू आहेत?" मी आणि आमचे हे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मुलाला घरी पिटाळलं. तो आत्याबाईंच्या उशाशी असलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. ती टेबलावर उपडी केली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांची औषधं होती. एकाच बीपीच्या औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या होत्या. नावं वेगळी, औषध एकच. एकाला दुसऱ्याचं आम्ही कधी दाखवलंच नव्हतं, आणि आत्याबाई दोन्ही गोळ्या रोज इमानदारीनं घेत होत्या. त्यात एक लघवी जास्त करणारी गोळी. वर शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली गुडघ्याची गोळी.

रक्त तपासलं, तर सोडियम फार कमी झालेलं. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं होतं, मी उत्साहानं त्यांच्या भाजीतलं मीठ जवळजवळ बंदच केलं होतं. लघवीच्या गोळीनं सोडियम जातं, वरून मीठ बंद. म्हाताऱ्या बायकांत हे फार होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सुस्ती, गोंधळ, तोल जाणं, सगळं त्यातूनच येतं. म्हणजे ज्याला मी "वय झालं" म्हणत होते, तो चक्क एक आजार होता. रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळणारा!

मैत्रिणींनो, "वय झालं" हे रोगाचं नाव नाही. माणूस दोन-चार दिवसांत एकदम बदललं, असंबद्ध बोलायला लागलं, पेंगायला लागलं, तर ते वयामुळे नसतं. सोडियम कमी झालेलं असतं, साखर खाली गेलेली असते, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असतो, नाहीतर एखादी गोळी भोवलेली असते. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही संसर्ग होतो, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. हळूहळू, महिना-वर्षानं वाढत जाणारं विसरणं वेगळं. २०२३ साली आपल्या देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या दर शंभरांत सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. त्यालाही डॉक्टर आहेत, उपचार आहेत. दोन्हींत आपण काय करतो? हसतो, चिडतो, नाहीतर सोडून देतो.

आता दुसरी गोष्ट. आत्याबाईंच्या ऑपरेशनला सोडियम वर येईपर्यंत दोन दिवस थांबावं लागलं. तोपर्यंत पुण्याहून दीर-जाऊ आले, जालन्याहून नणंद आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, उभ्या उभ्या, सगळं ठरलं. पैसे कोण भरणार, किती भरणार, नंतर आईला कुठं न्यायचं. दीर म्हणाले, "आमची तिसऱ्या मजल्यावरची जागा, लिफ्ट नाही." नणंद म्हणाली, "माझ्याकडं सासूबाई आहेतच." आणि मग सगळे एका सुरात म्हणाले, "वहिनी आहेतच की!"

हो, मी होतेच. मला नाही म्हणायचंही नव्हतं. पण मला कुणी विचारलं नाही, हे मला आजही बोचतं. आणि त्याहून जास्त हे बोचतं की, ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या आत आठ फुटांवर पलंगावर पडल्या होत्या आणि त्यांना विचारायचं मलाही सुचलं नाही.

पुढचे दहा महिने मी सांगत बसत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. भांडं देणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. बसवून भरवणं, कारण झोपून खाल्लं तर घास श्वासनळीत जातो. माझी बाहेरची कामं बंद झाली. कंबर धरली. रात्री त्या चार-पाच वेळा हाक मारायच्या. एका रात्री माझा तोल गेला. मी ओरडले, "किती वेळा उठवता हो? माणूस आहे ना मीपण!"

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. मला पंधरा दिवस पत्ता नाही! लघवीचा संसर्ग होऊन पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी तिथल्या सिस्टरला सांगितलं, "सूनबाईला तरास नको. दिवसभर खपती, रातच्याला बी उठवायची व्हय तिला?" सिस्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं. त्या दिवशी मी व्हरांड्यात बसून किती रडले, मलाच माहीत. एकाच घरात, एकमेकींवर माया असलेल्या आम्ही दोघी. ती मला त्रास नको म्हणून तहानलेली राहिली आणि मी थकले हे कुणाला सांगायला लाजले. यात वाईट कोण होतं? कुणीच नाही. फक्त आम्ही कधी बसून बोललो नव्हतो.

म्हणून मी आज ठामपणे म्हणते, म्हाताऱ्यांना सांभाळायला नुसती माया पुरत नाही, नियोजन लागतं. आणि ते नियोजन एकट्या सुनेच्या पदरात टाकायचं नसतं.

तुम्हाला एक गंमत सांगते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा आहे, २००७ चा. त्यात सांभाळायची जबाबदारी कुणावर टाकलीय? मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून हा शब्द त्यात नाही! कायद्याच्या यादीत जी नाही तीच प्रत्यक्षात सगळं करते. मी हे सुनांनी अंग काढून घ्यावं म्हणून सांगत नाहीये. मी हे मुलांना आणि मुलींना सांगतेय, हो, मुलींनाही. आपण माहेरी जाऊन "वहिनी आईकडं बघत नाही" म्हणतो ना? त्या आईची जबाबदारी कायद्यानं आपल्यावरही आहे, भावाच्या बरोबरीनं. सगळ्यांना घरी ठेवून घेता येणार नाही, मान्य. पण महिन्याला ठरावीक रक्कम पाठवता येते. दर तीन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहता येतं, म्हणजे सांभाळणारीला श्वास मिळतो. तपासणीची तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी रजा काढता येते.

आमच्या घरी ती दुसरी वेळ झाल्यावर मीच सगळ्यांना बोलावलं. दिवाळीनंतरचा रविवार होता. भांडायला नाही, ठरवायला. आत्याबाईंना मधे खुर्चीवर बसवलं. आणि पहिल्यांदा त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एकदा गावाकडं न्या. माह्या घराच्या वट्ट्यावर बसू द्या. अन् पुन्हा ती कापाकापी नको. मरायचं झालं तर घरी मरू द्या, नळ्या नका लावू."

सगळे गप्प. दीर डोळे पुसत उठून गेले. पण त्या दिवशी ते वाक्य वहीत लिहिलं गेलं, तारखेसकट, आणि खाली आत्याबाईंनी कापऱ्या हातानं अंगठा उठवला. पैशांचं ठरलं. नणंदेनं वर्षातले दोन महिने घेतले. रात्रीसाठी वस्तीतलीच एक बाई ठेवली, तिचा पगार दीर द्यायला लागले. मी पुन्हा बचत गटात यायला लागले. आणि आत्याबाई पुन्हा पाणी प्यायला लागल्या!

जीप करून त्यांना गावी नेलं, पंधरा दिवस ठेवलं. २०२२ मध्ये त्या गेल्या. शेवटी छातीत कफ साठला, सगळे अवयव थकले होते. डॉक्टर म्हणाले, व्हेंटिलेटर लावता येईल, पण त्यातून त्या उठतील असं वाटत नाही. आम्ही वही काढली. भांडण नाही, आरोप नाही, "आईसाठी काहीच केलं नाही" हा पुढे जन्मभर पुरणारा सल नाही. घरी आणलं. तिसऱ्या दिवशी लेकरांच्या हातून पाणी पिऊन गेल्या.

आमच्या त्या वहीला कायद्याचं बळ नव्हतं. पण आता तशी सोय आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचे नियम सोपे केले. पूर्वी मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागायचं. आता शुद्धीवर असलेल्या कुणाही सज्ञान माणसाला दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यात लिहायचं. यात कुणी कुणाला मारत नाही. वेळ आल्यावर दवाखान्यातले डॉक्टर मंडळ बसवून खात्री करतात, मगच ते लागू होतं. मृत्युपत्र वेगळं, हे वेगळं. मृत्युपत्रात घर-शेत कुणाचं ते लिहितात, यात आपल्या देहाचं काय ते लिहितात.

आणि घर-शेतावरून आठवलं. दवाखान्यातून आल्या आल्या "आई, घर नावावर करून टाका" असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. म्हाताऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं, घाईत अंगठा उठवू नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "मला सांभाळायचं" ही अट त्यात लिहून घ्या. त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. त्यासाठीचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असतं. काही अडलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे, देशभर हाच नंबर.

पैशाचंही आधीच बघून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, गरीब असो की श्रीमंत, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याला वय वंदना कार्ड म्हणतात, आधार कार्डावर निघतं. पण ते योजनेतल्या दवाखान्यातच, आणि भरती झाल्यावरच चालतं. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. म्हणून रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान, आणि कार्ड मात्र आजच काढून ठेवायचं. आपल्या घरापासून जवळचा योजनेतला दवाखाना कोणता, हेही आजच विचारून ठेवायचं. पहाटे चारला रिक्षात बसल्यावर नाही.

तर आता वही करू या. शाळेची शंभर पानी वही चालेल. पहिल्या पानावर आजार, ऑपरेशनं, कशाची ॲलर्जी आहे ते. दुसऱ्यावर गोळ्या. पट्टीवर मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव नाही, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते. किती, केव्हा, कुणी लिहून दिली. गुडघ्याची, झोपेची, वैदूची, सगळी. गुडघ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे मनानं घेतल्या तर किडनीला मार बसतो. म्हणून दर सहा महिन्यांनी एकाच डॉक्टरांसमोर अख्खी पिशवी उपडी करायची आणि विचारायचं, "यातली कोणती बंद करता येईल?" तिसऱ्या पानावर फोन नंबर, आधार, कार्ड. चौथ्यावर कोण काय करणार, कोण किती देणार. आणि पाचव्या पानावर त्या माणसाला काय हवंय, काय नको, त्याच्याच शब्दांत.

घरातलंही बघा. न्हाणीत धरायला लोखंडी दांडा लावायला फार खर्च येत नाही. ड्रम वाटेतून हलवा. रात्री बारीक दिवा ठेवा. तोंड एका बाजूला ओढलं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागलं तर आधी घड्याळ बघा आणि पळा. लकव्याच्या गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासांची मुदत असते. "सकाळी बघू" म्हणण्यात ती निघून जाते.

मला माहीत आहे, यावर घरातून काय येणार. "चांगल्या माणसापुढं असलं अभद्र बोलू नये." आमच्याकडेही आलं होतं. पण मुलीचं लग्न ठरायच्या आधी आपण दागिने करून ठेवतो, बाळ यायच्या आधी दुपटी शिवतो, मग म्हातारपणाचं आधी बोललं तर अभद्र कसं? २०११ च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून जास्त होते, आपल्या महाराष्ट्रात साधारण दहांतला एक. आता तर आणखी वाढलेत. हे काही शेजारच्या घरातलं नाही. पडणं अचानक होतं, म्हातारपण अचानक येत नाही. ते चांगलं वीस वर्षं आधी कळवून येतं.

आणि हो, एक वही आपलीही. मी ४७ वर्षांची आहे. बीपीची गोळी मलाही सुरू झालीय. आत्याबाईंच्या वहीत उरलेल्या कोऱ्या पानांवर मी माझं लिहायला घेतलंय. पाचवं पान अजून पूर्ण झालेलं नाही, पण मुलाला वही कुठं ठेवलीय ते दाखवलंय. तो म्हणाला, "आई, आत्तापासून?" मी म्हटलं, "आत्तापासूनच."

बचत गटातल्या त्या मैत्रिणीनं परवा घरी जाताना लग्नाच्या यादीचं मागचं पान कोरं होतं, त्यावर सासूबाईंच्या गोळ्यांची नावं उतरवली. काल फोन आला तिचा, "ताई, दोन गोळ्या एकच निघाल्या बघा!"

आज दुपारी जेवणं उरकली की तुम्हीही ती उशाशी असलेली पिशवी एकदा उपडी कराल ना?